विमानातलं शाकाहारी जेवण: कोड, मुदत आणि घरची दशमी

तिकीट काढताना एजंटाला ‘व्हेज लिहा हं’ एवढं सांगितलं की काम झालं, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत समजतात. मग लातूरहून हैदराबाद, तिथून आखातातला एखादा विमानतळ आणि पुढे डॅलस, असा प्रवास करणाऱ्या आईवडिलांपुढे तिसऱ्या टप्प्यात आमलेट येतं. चूक कुठे झाली ते शोधायला गेलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते. ‘व्हेज’ लिहिलेलं असतं, पण कोणतं व्हेज ते लिहिलेलं नसतं. नाहीतर एका टप्प्याला लिहिलं आणि पुढच्या टप्प्याला राहिलं.

विमानात काही शिजत नाही, हे आधी लक्षात घ्या. जेवण विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात तयार होतं, लगेच थंड करून ५ अंशांच्या खाली ठेवलं जातं आणि ट्रॉल्यांमधून विमानात चढतं. वर गेल्यावर ते ओव्हनमध्ये फक्त गरम करतात. त्यामुळे ‘जरा साधं काहीतरी करून द्या’ ही विनंती ३५ हजार फुटांवर कितीही गोड बोलून केली तरी उपयोग नाही. जे खाली मागवलं, तेच वर मिळणार.

कोणतं व्हेज?

विमान कंपन्या खास जेवणासाठी चार इंग्रजी अक्षरांचे कोड वापरतात. ते जगभर साधारण सारखेच असतात. आपल्या कामाचे पाच आहेत.

एव्हीएमएल म्हणजे एशियन व्हेजिटेरियन. काही ठिकाणी हिंदू व्हेजिटेरियन किंवा इंडियन व्हेज असंही दिसतं. यात मांस, मासे, अंडं नसतं. दूध, दही, पनीर, तूप असू शकतं. भात, वरण किंवा राजमा-छोले, एखादी रस्साभाजी, पोळी किंवा पराठा, असं आपल्या ओळखीचं ताट. अंडं न खाणाऱ्या मराठी माणसाने डोळे झाकून हाच कोड घ्यावा. शिकागोहून परतताना सकाळच्या न्याहारीलाही छोले येतील, पण ते शाकाहारी असतील.

एचएनएमएल म्हणजे हिंदू मील. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नाव हिंदू, त्यामुळे शाकाहारी असणारच, असं वाटतं. प्रत्यक्षात हे मांसाहारी जेवण आहे. गोमांस आणि डुकराचं मांस वगळलेलं, पण कोंबडी, मटण, मासे, अंडं यांपैकी काहीही असू शकतं. वेबसाइटवर यादी उघडली की ‘हिंदू’ शब्द दिसतो आणि बोट तिथेच जातं. पुढे ‘व्हेजिटेरियन’ आहे का, ते बघूनच निवडा.

व्हीएलएमएल म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं शाकाहारी, दूध आणि अंडं दोन्ही असलेलं. युरोप-अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडं धरलेलंच असतं. तिथे कुणी फसवत नाही, शब्दाचा अर्थच तसा आहे. पास्ता, चीज, न्याहारीला आमलेट असा थाट. अंडं चालत असेल तर हा बरा.

व्हीजीएमएल म्हणजे व्हीगन. दूध, दही, तूप, लोणी, मध, अंडं काहीच नाही. उकडलेल्या भाज्या, भात, टोमॅटोचा रस्सा, गोड पदार्थाच्या जागी फळं. बहुतेक वेळा मिळमिळीत. व्हीगन नसलेल्या माणसाने ‘जास्त शुद्ध असेल’ म्हणून हा घेऊ नये, जेवताना पश्चात्ताप होतो.

व्हीजेएमएल म्हणजे जैन. कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर, मुळा, म्हणजे जमिनीखालचं काही नाही. दुधाचे पदार्थ असतात की नाही, ते कंपनीगणिक बदलतं. मराठवाड्यात हा कोड जैन घरांपलीकडेही उपयोगी आहे. कांदा-लसूण न खाणारे माळकरी, चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्या आज्या, या सगळ्यांसाठी एव्हीएमएल अपुरं पडतं, कारण त्यातल्या बहुतेक रश्श्यांचा पायाच कांदा-लसणाचा असतो. ‘फक्त कांदा-लसूण नको, बटाटा चालेल’ असा वेगळा कोड नाही. बटाट्यावर पाणी सोडून जैन घ्यायचं.

बाकीचे थोडक्यात. एफपीएमएल म्हणजे फळांचं ताट. एकादशीचा प्रवास असेल तर हाच. पण दहा तासांच्या प्रवासात खरबुजाच्या चार फोडी आणि द्राक्षं पोटाला पुरत नाहीत, तेव्हा सोबत राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळ्याचे वेफर्स ठेवा. आरव्हीएमएल म्हणजे कच्च्या भाज्यांचं सॅलड. व्हीओएमएल म्हणजे चिनी पद्धतीचं शाकाहारी. टोफू आणि भात आवडत असेल तर ठीक.

एका माणसाला बहुधा एकच कोड मिळतो, आणि यातून दोन अडचणी येतात. पहिली मधुमेहींची. डीबीएमएल हे मधुमेहींचं जेवण, पण ते शाकाहारी असेलच असं नाही. त्यात ग्रिल केलेली कोंबडी येऊ शकते. कंपनी ‘डायबेटिक व्हेज’ असा वेगळा पर्याय देत नसेल तर एव्हीएमएल घ्या, भात आणि गोड पदार्थ बाजूला सारा आणि भाजलेले फुटाणे किंवा बदाम सोबत ठेवा. जेवणाच्या वेळचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते ताट समोर आल्यावरच टोचावं. ट्रॉली कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि विमान हलायला लागलं की वाढणं मधेच थांबवतात.

दुसरी अडचण मुलांची. सीएचएमएल म्हणजे चाइल्ड मील. रंगीत डबा, आत बहुधा चिकन नगेट्स. काही कंपन्या मुलांचं शाकाहारी जेवण वेगळं देतात. तसं यादीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मुलांनाही एव्हीएमएल लावा आणि चॉकलेट आपल्या पिशवीतून द्या.

२४ तास कुठून मोजायचे?

बहुतेक कंपन्यांची मुदत विमान सुटण्याआधी २४ तासांची असते, काहींची ४८ तासांची. तिकीट काढतानाच कोड टाकला तर हा प्रश्नच उरत नाही. नंतर टाकायचा तर एका गोष्टीची काळजी घ्या. हैदराबाद-मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ‘रविवारी रात्री अडीचचं विमान’ असं आपण म्हणतो तेव्हा तिकिटावर सोमवार, ०२:३० असं असतं. किंवा उलट, तिकिटावर रविवार ०२:३० असतं आणि घरच्यांच्या डोक्यात रविवारची रात्र. तसं असेल तर २४ तासांची मुदत शनिवारी पहाटे अडीचला संपली. शनिवारी सकाळी चहा घेऊन निवांत बसल्यावर कोड टाकायला गेलात तर यादी बंद झालेली असेल. (अशा तारखेच्या घोळात जेवण तर जातंच, पण विमानही चुकतं.) मुदत ज्या विमानतळावरून विमान सुटतं तिथल्या वेळेनुसार मोजतात.

कोड टाकायची पद्धत

१. तिकिटावर सहा अक्षर-अंकी पीएनआर असतो. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर कधीकधी दोन पीएनआर असतात, एक एजंटाच्या यंत्रणेचा आणि एक विमान कंपनीचा. कंपनीच्या वेबसाइटवर कंपनीचाच चालतो. एजंटाला ‘एअरलाइनचा पीएनआर द्या’ असं स्पष्ट म्हणा.

२. वेबसाइटवर ‘मॅनेज बुकिंग’ उघडा, पीएनआर आणि आडनाव टाका. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडच्या अनेक पासपोर्टांवर आडनावाचा रकाना कोरा असतो. तेव्हा तिकिटावर छापलेलं नाव बघून तेच टाका.

३. प्रत्येक प्रवाशाला, प्रत्येक टप्प्याला वेगळा कोड लावा. लातूरच्या जोडप्याचं उदाहरण घेतलं तर जाताना दोन विमानं, येताना दोन, माणसं दोन. म्हणजे आठ ठिकाणी एव्हीएमएल दिसायला हवं. सात दिसले तर आठवा शोधा.

४. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ असं लिहून दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल, तर जेवण ती दुसरी कंपनी देणार. तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे टाकलेला कोड पुढे पोचतोच असं नाही. प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि तिच्या वेबसाइटवर तपासा, नाहीतर फोन करा.

५. एजंटाने टाकला असेल तर त्याच्याकडून स्क्रीनचा फोटो मागवा. कोडच्या शेजारी एचके दिसलं तर पक्कं. एनएन दिसलं तर विनंती नुसती गेली आहे, उत्तर यायचंय. यूएन किंवा यूसी म्हणजे नाकारलं. ‘टाकलंय काका, काळजी करू नका’ हे उत्तर मान्य करू नका. एचके दाखव म्हणा.

६. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा एकदा उघडून बघा. विमानाची वेळ बदलली, तारीख पुढे ढकलली, विमान रद्द होऊन दुसऱ्यावर बसवलं, अशा वेळी जुन्या बुकिंगवरचा जेवणाचा कोड नव्यावर येताना गळून पडतो. तिकीट बदललं की जेवण गेलं असं धरूनच चला आणि पुन्हा टाका.

परतीच्या टप्प्यांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मुंबई किंवा हैदराबादहून सुटणाऱ्या विमानात नेहमीच्या मेनूतही एक शाकाहारी पर्याय असतो, त्यामुळे जाताना कोड नसला तरी निभावतं. तोही पर्याय शेवटच्या रांगांपर्यंत पोचेपर्यंत संपतो, हा भाग निराळा. पण आखातातून पुढे अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिकडून परत येणाऱ्या विमानात शाकाहारी ताटं मोजकीच चढवतात, आणि ती अंडं चालणारी असू शकतात.

स्वस्त विमानांचं गणित वेगळं

छत्रपती संभाजीनगरहून देशातल्या देशात जाताना बहुधा कमी भाड्याची विमानं मिळतात. त्यांत जेवण तिकिटात धरलेलं नसतं. आधी पैसे भरून मागवायचं किंवा विमानात विकत घ्यायचं. आधी मागवलेलं स्वस्त पडतं आणि मिळण्याची खात्री असते. विमानात विकत घेताना गरम पाणी ओतून तयार होणारा उपमा किंवा पोहे हा सुरक्षित मार्ग. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो, तो बघा. भारतातल्या नियमानुसार अंडं असलेल्या पदार्थाला हा ठिपका मिळत नाही, दूध असलेल्याला मिळतो. व्हीगन माणसाला त्यामुळे हिरवा ठिपका पुरेसा नाही. व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या व्ही अक्षराचं वेगळं चिन्ह आहे. भारताबाहेर बनलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधत बसू नका, घटकांची यादीच वाचावी लागते.

विमान उशिरा सुटणार असेल तर भारतातल्या नियमांनुसार कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास उशीर झाला तर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तास, त्याहून लांबच्याला ४ तास. मात्र तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असलं पाहिजे. तिथे वाटल्या जाणाऱ्या सँडविचला तुमचा कोड लागू नसतो. हातात घ्यायच्या आधी विचारा.

विमानात बसल्यावर

खास जेवण ट्रॉलीच्या आधी येतं. ताटाच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर किंवा ट्रेच्या कडेला एक छोटा स्टिकर असतो. त्यावर कोड, सीट क्रमांक आणि कधी आडनाव. कर्मचारी तुमचा चेहरा ओळखत नाही, सीट ओळखतो. म्हणून शेजारच्या जोडप्याला एकत्र बसता यावं म्हणून तुम्ही मोठ्या मनाने ३२ए सोडून ४१सी वर गेलात, तर तुमचं एव्हीएमएल ३२ए वर जाणार आणि तिथला माणूस आनंदाने खाणार. सीट बदलली की लगेच सांगा.

झाकण काढण्याआधी स्टिकर वाचा. एव्हीएमएलच्या जागी एचएनएमएल आलं असेल तर न उघडता परत करता येतं.

आईवडील एकटे जाणार असतील तर त्यांच्या पर्समध्ये एक जाड कागद ठेवा. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव, सीट क्रमांक, जेवणाचा कोड, आणि खाली ‘नो मीट, नो फिश, नो एग’ या अर्थाची एक ओळ. ‘व्हेजिटेरियन’ असं नुसतं लिहू नका. व्हीलचेअर मागवली असेल तर तो कागद व्हीलचेअर ढकलणाऱ्याला दाखवायची गरज नाही. विमानात शिरताना दारातल्या कर्मचाऱ्याला दाखवायचा. त्या वेळी यादी त्यांच्याजवळ असते आणि घाई सुरू झालेली नसते. जेवण चढलेलं नाही असं तेव्हाच कळलं तर काही तोडगा काढायला वेळ मिळतो. ट्रॉली तुमच्या रांगेशी आल्यावर कळलं, तर मागे दोनशे माणसं उपाशी बसलेली असतात.

नाहीच चढलं तर काय मागायचं? नेहमीच्या मेनूतली शाकाहारी डिश शिल्लक आहे का, ते आधी विचारा. नसेल तर इतर ट्रेमधून सुटे सुटे पदार्थ गोळा करून मागा. पाव, लोण्याची वडी, सॅलड, फळं, दही, बिस्किटं. पुढच्या वर्गातून चीज-फळं कधीकधी आणून देतात. भांडू नका. त्या माणसाच्या हातात तेवढंच असतं. उतरल्यावर बोर्डिंग पासच्या फोटोसह कंपनीला लिहा आणि कोड पक्का असल्याचा स्क्रीनशॉट जोडा. तो नसेल तर तक्रारीत दम राहत नाही.

दुसऱ्या वाढपाकडेही लक्ष द्या. लांबच्या उड्डाणात मुख्य जेवणानंतर मधेच सँडविच, पफ, आइस्क्रीमची टोपली फिरते. ती सगळ्यांसाठी एकच असते, तिच्यावर स्टिकर नसतो. पावाची टोपलीही तशीच. केक, मेयॉनेज, ताजा पास्ता, नूडल्स यांत अंडं असू शकतं. जेलीसारख्या थरथरणाऱ्या गोड पदार्थात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला घटक. काही चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं विरजण असतं.

व्हीगनांसाठी आणखी दोन गोष्टी. नानच्या पिठात दही असतं. आणि चहासोबत मिळणाऱ्या ‘नॉन-डेअरी’ पावडरीत दुधातलं प्रथिन, केसिन, असू शकतं. कोरा चहा घ्या. चहाच्या पुड्या आणि गूळ आपल्या खिशात असला तर तोही बरा लागतो.

एक स्पष्ट सांगायला हवं: हे सगळं जेवण मांसाहारी स्वयंपाक होतो त्याच मोठ्या स्वयंपाकघरात बनतं. वेगळी भांडी, वेगळा ओटा याची हमी मिळत नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी फळं, सीलबंद पाकिटं आणि घरचा डबा यांवरच भिस्त ठेवावी.

डबा

मराठवाड्यातल्या माणसाचा विमानप्रवास विमानात सुरू होत नाही. लातूर किंवा नांदेडहून हैदराबाद गाठायचं, परभणी-बीडहून मुंबई गाठायची, वर विमानतळावरचे तीन-चार तास. विमान उडेपर्यंत घरच्या स्वयंपाकाला दहा-बारा तास झालेले असतात, आणि ते मे महिन्यात असतील तर ४० अंशांच्या पुढच्या उन्हात. डब्याचा विचार त्या हिशोबाने करावा लागतो.

दशमी यासाठी सगळ्यात खात्रीची. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे तेलाचं मोहन. गूळ पाऊण वाटी कोमट दुधात विरघळवून, गाळून, त्याने पीठ मळायचं. गाळायचं विसरलात तर गुळातले खडे दाताखाली येतात. व्हीगन हवी असेल तर दुधाच्या जागी पाणी. गूळ-दूध एकदम ओतू नका. गूळ पिठाला सैल करतो, पहिल्या मिनिटाला घट्ट वाटलेला गोळा दहा मिनिटांनी पसरतो. थोडं थोडं घालत घट्टच मळा. लाटताना पोळीपेक्षा जाड, मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर गूळ आधी करपतो आणि आत कच्चं राहतं. कच्चं राहिलेलंच आधी आंबतं.

धपाटे नेहमीच्या पद्धतीने केले तर प्रवासात टिकत नाहीत. कांदा, कोथिंबीर, मेथी, दही यांत पाणी असतं. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वास येतो. प्रवासाच्या धपाट्यात ते सगळं वगळा. एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, पाव वाटी बेसन, तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ, तीन चमचे गरम तेल, आणि उकळतं पाणी घालून मळा. नुसत्या ज्वारीचे धपाटे रात्रीपर्यंत चामड्यासारखे होतात, म्हणून कणीक निम्मी.

डबा बिघडण्याचं मुख्य कारण घाई हेच असतं. तव्यावरून काढलं, फॉइलमध्ये गुंडाळलं, डब्यात कोंबलं. आतली वाफ पाणी होते आणि वरची दशमी ओली. सुती कापडावर सुटी सुटी पसरून तासभर पूर्ण गार होऊ द्या, दोन-दोनच्या मधे कागदी रुमाल घाला आणि मग गुंडाळा. निघायच्या आदल्या रात्री नाही, त्याच दिवशी सकाळी करा.

चटणी मात्र नीट विचार करून न्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या सामानात पातळ किंवा लगदा असलेला पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यात चालत नाही. तेलात खललेला ठेचा, लोणचं, तूप, दही, पिठलं हे सगळं त्यात मोडतं. लाल तिखट हातातल्या पिशवीत ठेवू नका, काढून घेतात. सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याच्या वाट्या, तेलामुळे पेट घेणारा माल म्हणून अडवतात. प्रसादाची वाटी घरीच ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त भुकटी हातात असेल तर वेगळी तपासणी होते. म्हणून चटण्या आणि मसाले मोठ्या बॅगेत टाका आणि विमानात खायची चटणी धपाट्याला आतून चोळूनच गुंडाळी करा. वेगळी पुडी नको, सांडायची भीती नाही. ही चटणी शक्यतो जवसाची किंवा कारळ्याची घ्या. विमानात कुणाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर कर्मचारी शेंगदाणे उघडू नका अशी घोषणा करतात, आणि आपल्याकडच्या डब्यात शेंगदाण्याशिवाय असतं काय!

तिखट-मीठ घरच्यापेक्षा थोडं चढं ठेवलं तरी चालतं. विमानातली हवा फार कोरडी आणि दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो, त्यात मीठ आणि गोडाची चव मंद लागते. त्याच कमी दाबामुळे पोटातला वायूही तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. निघण्याच्या दिवशी मटकीची उसळ, हरभऱ्याची आमटी, शेंगोळे टाळा. शेजारी बसणाऱ्यासाठीही टाळा.

डबा स्टीलचा नेला तर स्कॅनरमध्ये आतलं नीट दिसत नाही आणि उघडायला लावू शकतात. प्लास्टिकचा किंवा झिपची पिशवी बरी. घरचं खाणं गरम करून मागू नका, बहुतेक कंपन्या नाही म्हणतात. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी देतात.

उतरताना

विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये टाकून अमेरिकेत उतरलं तर ते न जाहीर केलेलं फळ ठरतं आणि दंड होऊ शकतो. उरलेली फळं विमानातच सोडा. शिजवलेलं, कोरडं खाणं सोबत असेल तर फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ यावर ‘हो’ लिहा. ‘हो’ लिहिल्याने फार तर पिशवी उघडतात, ‘नाही’ लिहून सापडलं तर दंड. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याबाबत जराही सवलत नाही, न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, तूप, खवा घालून केलेली बर्फी, सगळं अडकतं. दुधात मळलेल्या दशम्या विमानातच संपवा.

आखातात जाणाऱ्यांनी दिवाळीच्या फराळाकडे नीट बघा. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरलाही खसखस बंदी असलेला माल आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. घरच्या काळ्या मसाल्यात ती असू शकते, विचारून घ्या. आणि दुबईच्या पोराला अनारसे पाठवायचे असतील तर खसखशीऐवजी तिळावर थापा.